वीसेक जणांसाठी सणाच्या भेटी आणि कार्डं हाताने करायची आहेत, सुरुवात कुठून करू?

रानजाई

नमस्कार मंडळी. यंदा सणाला घरच्यांना आणि मैत्रिणींना विकतचं काही न देता स्वतःच्या हाताने केलेलं द्यायचं असं पक्कं ठरवलंय. यादी काढली तर वीसेक नावं झाली. आजी आहे, तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. दोन मावश्या, आत्या, सात वर्षांचा भाचा, नुकतंच बाळ झालेली एक मैत्रीण, शेजारच्या काकू, आणि ऑफिसातले चौघं ज्यांच्याशी माझं खरंच जमतं. हातात दोन महिने आहेत, पण नोकरी सांभाळून. म्हणजे रात्रीचा तासभर आणि रविवार.

चित्रकला बेताची आहे. साधे टाके येतात, अक्षर बरं आहे. व्हिडिओ पाहायला बसले तर एकात मेणबत्त्या, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात मातीचे दागिने, आणि प्रत्येकाचं सामान वेगळं. डोकं भणभणायला लागलं.

प्रत्येकासाठी वेगळी वस्तू करावी की सगळ्यांना एकच? कार्डाला कागद कोणता घ्यायचा? घरात होता तो जाड कागद दुमडून पाहिला तर घडीवर पांढऱ्या भेगा पडल्या. चित्र चिकटवलं तर सगळं कार्ड फुगून वाकडं झालं. आणि मनात सारखं येतं ते हे, की बघणाऱ्याला ‘स्वस्तात उरकलं’ असं वाटू नये. प्लीज सांगा.

टाकेदोरे

छान धागा! बाकीच्यांचं जाणकार सांगतील, मी फक्त बाळवाल्या मैत्रिणीबद्दल लिहिते, कारण माझं विणकाम बहुतेक बाळांसाठीच चालतं.

बाळासाठी करायचं असेल तर बटणं, मणी, मोती, लांब नाड्या काहीही नको. हाताला लागेल ते तोंडात जातं. दोऱ्याची टोकं सुईने आत नीट ओवून घ्या, नुसती कापून सोडू नका. सुती धागा घ्या, आणि द्यायच्या आधी एकदा साध्या साबणाने धुवा, म्हणजे आटायचं असेल ते आधीच आटेल. लोकरीचं काही केलंत तर धुवायचं कसं ते चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. खरी लोकर गरम पाण्यात घुसळली गेली की आटून घट्ट होते आणि मग परत सैल होत नाही. नव्या आईला हे लक्षात ठेवायला सांगणं बरं नाही, त्यापेक्षा सुतीच बरं.

अजून एक. तान्ह्या बाळाच्या झोपायच्या जागी सैल पांघरूण किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत असं डॉक्टर सांगतात. त्यामुळे सगळे गोधडीच देतात म्हणून तुम्हीही द्यायला हवी असं नाही. माझं मत विचाराल तर भेट आईसाठी करा. बाळाला खूप येतं, आईला कुणी काही देत नाही.

घडीकाम

रानजाई ताई, माझी नोकरीची सगळी वर्षं बाइंडिंगखात्यात गेली. निवृत्त झालो तरी हात थांबत नाहीत, त्यामुळे घरच्यांना आणि मित्रांना दर सणाला मी शिवलेल्या वह्या आणि कार्डं जातात. तुम्ही बरंच विचारलंय, पण मी सुरुवात न विचारलेल्या गोष्टीपासून करतो. पाकीट.

आधी पाकिटं आणा, मग कार्डाचं माप ठरवा. कार्ड आधी केलं की त्याला पाकीट मिळत नाही, मग पाकीटही घरीच करत बसावं लागतं आणि काम दुप्पट होतं. साधा ए-फोर कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो. त्याची लांबी मधोमध कापली की ए-फाइव्हचे दोन तुकडे होतात. त्यातला एक मधोमध दुमडला की ए-सिक्सचं कार्ड तयार, १०५ × १४८. त्याला सी-सिक्सचं पाकीट, ११४ × १६२, अगदी ठीक बसतं. एका कागदात दोन कार्डं, आणि कपटासुद्धा वाया जात नाही.

आता घडीवरच्या भेगा. यंत्रावर कागद तयार होतो तेव्हा त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेने पडतात. आम्ही त्याला ग्रेन म्हणायचो. घडी तंतूंच्या दिशेने घातली तर कागद निमूट वळतो, आडवी घातली तर तंतू मोडतात आणि भेग दिसते. दिशा ओळखायची तर कागद टेबलावर ठेवा, एक कडा उचलून समोरच्या कडेवर आणा, पण दुमडू नका. नुसत्या त्या फुगीर वळणावर तळवा ठेवून हलकं दाबा. मग कागद फिरवून दुसऱ्या बाजूने तेच करा. एका बाजूला कागद हाताला उलटा रेटा देईल, दुसऱ्या बाजूला सहज बसेल. सहज बसतो ते वळण तंतूंना समांतर असतं, घडी तिकडेच घालायची. दोन-तीन वेगवेगळे कागद असे दाबून पाहिलेत की तळव्याला फरक कळायला लागतो, पुढे विचारसुद्धा करावा लागत नाही.

साध्या ए-फोर कागदात तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात. म्हणजे वर सांगितलं तसं कापून ए-सिक्स केलंत तर घडी आपोआप बरोबर दिशेला येते. अख्खा ए-फोर एकदाच दुमडलात तर मात्र ती आडवी पडते. तुमचा कागद त्यामुळेच तडकला असणार. जाड कार्डशीट दोन्ही तऱ्हेची मिळते, ती तळव्याने तपासूनच घ्या.

जाडी म्हणाल तर कागदाचं वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम यावर मोजतात. झेरॉक्सचा कागद ७० ते ८०, कार्डाला २२० ते ३००. मी २५०च्या आसपासचा वापरतो. एवढ्या जाड कागदाला घडीआधी खाच हवीच. स्टीलची पट्टी धरून, शाई संपलेल्या रिफीलने एकच रेघ दाबून ओढा. मागच्या बाजूला बारीक उंचवटा उठेल. दुमडताना तो उंचवटा आत आणि खाच बाहेर. बरेच जण नेमकं उलटं करतात, कारण खाचेत कागद दुमडणं डोळ्याला बरोबर वाटतं. घडी घातली की वरून चमच्याच्या पाठीने घोटा.

फुगण्याचं कारण पाणी. पांढऱ्या डिंकात पाणी असतं, ते पिऊन कागदाचे तंतू जाड होतात आणि कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने वाढतो. एक कागद वाढला, खालचा वाढला नाही, की कार्ड वाकलंच. म्हणून डिंक ब्रशने अगदी पातळ, मधून कडेकडे लावा, चिकटवल्यावर वर-खाली बटरपेपर ठेवून जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवा. छोट्या तुकड्यांना ग्लू स्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप पुरते. साधी सेलोटेप मात्र दिसेल अशा ठिकाणी अजिबात नको, काही वर्षांत ती पिवळी पडते, सुटते आणि डाग ठेवून जाते. वर्तमानपत्राच्या कागदाचंही तेच. त्यात लाकडातलं लिग्निन उरलेलं असतं, ते उजेड-हवेने पिवळं पडतं. वरच्या वेष्टनाला ठीक, जपून ठेवायच्या वस्तूला नाही.

मनमोकळी

कागदाची माहिती झकास. पण सगळ्यांना सारखंच कार्ड द्यायचं का? मला ते पटत नाही. हाताने करायचं तर त्या माणसाचा विचार त्यात दिसला पाहिजे. मी तर प्रत्येकाला वेगळी वस्तू करते. मावशीला झाडं आवडतात तर तिला रोपांच्या नावाच्या पट्ट्या, मित्राला चावी अडकवायची फळी. वीस सारखी कार्डं म्हणजे छापखानाच झाला की. आणि मेणबत्त्या वगैरे वाईट नाहीत, करून बघाव्यात.

घडीकाम

मनमोकळी, तुमचं म्हणणं पाच-सहा माणसांसाठी अगदी खरं आहे. पण इथे वीस माणसं आहेत, नोकरी आहे, रात्रीचा तासभर आहे. वीस वेगळ्या वस्तू म्हणजे वीस वेळा नवं सामान आणि वीस वेळा पहिला प्रयत्न. कुठलंही हातकाम पहिल्या दोन-चार वेळेला कच्चंच दिसतं. तेच काम दहाव्यांदा केलं की टाका सरळ येतो, कडा जुळतात. ‘स्वस्तात उरकलं’ ही भीती आहे ना, ती बहुतेक कडांमुळे खरी ठरते. वेडीवाकडी कापलेली कड आणि डिंकाचे डाग लांबूनही दिसतात. सरळ कड आणि स्वच्छ घडी असली की साधा कोरा कागदसुद्धा देखणा दिसतो. मेणबत्त्यांना माझा विरोध नाही, पण मेण दुहेरी भांड्यात वितळवणं, वातीची जाडी भांड्याच्या रुंदीला जुळणं, उष्णता सोसणारी काच मिळणं, हे सगळं शिकायलाच दोन महिने जातील.

म्हणून माझं सांगणं असं, की वस्तू एकच करा आणि माणूस आतल्या मजकुरात आणा. तो मजकूर सगळ्यात आधी लिहा. कात्री हातात घ्यायच्याही आधी.

गंमत म्हणजे नाताळच्या छापील कार्डाची सुरुवातच लिहायला सवड नव्हती म्हणून झाली. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल नावाच्या गृहस्थांनी नाताळच्या पत्रांचा ढीग पाहून जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि कार्डं छापली. नाताळचं पहिलं विक्रीचं कार्ड म्हणून तेच मानतात. नाताळच्या पत्राची जागा कार्डाने घ्यायला सुरुवात झाली ती तिथून. आपण हाताने करायला बसलोय तर पत्राचा भाग परत आत आणावा असं मला मनापासून वाटतं.

एक वही घ्या, प्रत्येक नावाला एक पान. त्या पानावर त्या माणसाने या वर्षात केलेली एकच गोष्ट लिहा, जी तुम्हाला आठवते. ‘तू नेहमी मदत करतेस’ असं नाही. ‘त्या दिवशी दवाखान्यात तू माझी चप्पल सांभाळत तीन तास बसलीस’ असं. पाच-सहा ओळी पुरतात. रोज एक पान झालं तरी तीन आठवड्यांत यादी संपते. ज्या नावापुढे काहीच सुचत नाही, त्याला बहुधा नुसत्या शुभेच्छा पुरेत, आणि हे वस्तू करण्याआधी कळलेलं बरं.

मजकूर आधी लिहायचं दुसरं कारण कामाचं आहे. सुटा कागद लिहिताना बिघडला तर फेकून दुसरा घेता येतो. चित्र चिकटवलेलं, टाके घातलेलं कार्ड लिहिताना बिघडलं तर सगळी मेहनत जाते. शाई मात्र पिगमेंटवाली घ्या, म्हणजे जिच्यात रंग विरघळलेला नसून त्याचे बारीक कण असतात ती. रंग विरघळलेल्या साध्या शाया आणि स्केचपेनं उजेडाने फिकी पडतात, पाण्याचा थेंब पडला तर पसरतात.

रानजाई

घडीकाम काका, तुमचा प्रतिसाद वाचून ऑफिसातून येताना पाकिटं घेऊन आले. सी-सिक्सचीच. आणि घरी आल्या आल्या आधी कागदावर तळवा ठेवून बघितला, खरंच फरक कळतो!

मजकुराच्या वहीत आजी, मोठी मावशी आणि ऑफिसातली एक मैत्रीण एवढी पानं झाली. आजीचं पान लिहिताना रडू आलं, पण लिहून झालं. मनमोकळी ताई, झाडांच्या नावाच्या पट्ट्यांची कल्पना धाकट्या मावशीसाठी उचलतेय, एवढी एकच वेगळी वस्तू.

आता विचारायचं राहिलंय ते आजीचं कार्ड कसं करू, म्हणजे तिला स्वतःला वाचता येईल? कार्डासोबत छोटी भेट म्हणून शिवलेली वही जमेल का मला? आणि कार्डावर चित्राऐवजी ठसा उमटवायचा विचार आहे, खोडरबर कोरून. त्यावर ‘शुभेच्छा’ असं कोरता येईल का?

टाकेदोरे

आजीच्या कार्डावर टाके घाला! आधी सुईने भोकं पाडून घ्यायची, खाली जाड फोम किंवा घडी घातलेला टॉवेल ठेवून, आणि मग दुपदरी जाड दोऱ्याने साधा धावदोरा. पानाफुलाची बाह्यरेषा पुरे. भोकं फार जवळ नकोत, नाहीतर कागद तिथेच फाटतो, तीन-चार मिलिमीटर अंतर ठेवा. नजर कमी झाली तरी बोटांना ते लागतं. माझ्या सासूबाई अशा कार्डावरून हात फिरवत बसतात.

घडीकाम

आजीसाठी मात्र माप मोडा. अख्खा ए-फोर दुमडून ए-फाइव्हचं कार्ड करा, त्याला सी-फाइव्हचं पाकीट लागेल, १६२ × २२९. इथे घडी ग्रेनला आडवी येण्याचा संभव आहे, तेव्हा रिफीलची खाच दोनदा ओढा. कागद बिनचकाकीचा, फिकट मळकट पांढरा. चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप पडते आणि अक्षर हरवतं. काळ्या जाड टोकाच्या पेनाने, सेंटीमीटरभर उंच अक्षरात, ओळींत भरपूर जागा सोडून लिहा. चित्रावर किंवा रंगावर अक्षर नको. मजकूर जास्त असला तर तोडू नका, आत एक सुटं पान घाला.

वही नक्की जमेल, साधे टाके येतात तेवढं पुरे. मापाचाच फायदा घ्या. चार ए-फोर कागद मधोमध कापले की ए-फाइव्हचे आठ तुकडे, ते एकत्र दुमडले की बत्तीस पानी ए-सिक्स वही. कार्डाच्याच पाकिटात जाते, आणि इथेही घडी ग्रेनच्या दिशेने येते म्हणून वही सपाट उघडते. वरून कार्डाच्याच कागदाचं कव्हर, तेवढ्याच मापाचं.

घडीवर तीन भोकं पाडा, एक बरोबर मध्यावर, बाकीची दोन वरच्या-खालच्या टोकापासून दोन सेंटीमीटर आत. दाभणाने, वही उघडी ठेवून, आतून बाहेर. दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट घ्या आणि मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढा, मग तो गुंतत नाही. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत या, आतल्या आत मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि शेवटी मधल्या भोकातून परत आत. आता दोन्ही टोकं आतच आहेत आणि त्यांच्यामधून तो लांब टाका गेलाय. एक टोक त्याच्या एका बाजूला, दुसरं दुसऱ्या बाजूला आलंय ना ते बघा, दोरा घडीच्या दिशेनेच ओढून ताणा (पानांना आडवा ओढलात तर भोकं फाटतात) आणि त्या टाक्यावर गाठ मारा. शेवटी आतली पानं कव्हरच्या थोडी बाहेर डोकावतील. नव्या ब्लेडने, पट्टी धरून, एका दमात न कापता दहा-बारा हलक्या ओढींत कापा. जोर लावलात की ब्लेड सरकतं. भाच्यासाठी आतला कागद १२० ग्रॅमचा घ्या, म्हणजे त्याला रंगवताही येईल.

ठशाचं ऐका. ‘शुभेच्छा’ पहिल्याच ठशाला अवघड जाईल, जोडाक्षर आहे. एक पान किंवा पाकळी कोरा, किंवा एकच अक्षर घ्या, ज्याला द्यायचं त्याच्या नावाचं. पांढरं मऊ खोडरबर घ्या. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने अक्षर सरळच काढा, कागद उपडा खोडरबरवर ठेवून घोटा. अक्षर उलटं उतरेल, तेच हवंय, छापताना ते सुलटं होतं. ‘व’ किंवा ‘ब’सारख्या अक्षरांचं पोट आधी कोरायचं, बाहेरची बाजू नंतर. गोलाईत ब्लेड स्थिर धरा आणि खोडरबर फिरवा. ब्लेड अक्षरापासून बाहेर तिरपं असू द्या, म्हणजे रेघ वर बारीक आणि बुडाशी रुंद राहते. आत तिरपं गेलं तर रेघेचा पाया पोखरतो आणि चार ठशांत ती तुटते. शिरोरेषा उभ्या दांड्यापेक्षा जाड ठेवू नका, जाड पट्टी जास्त शाई पिते आणि सगळं लक्ष तिकडेच जातं.

शाई लावताना ठसा पॅडवर आपटू नका, ठसा उताणा धरून पॅड त्यावर टिपत न्या. पहिले दोन-तीन ठसे रद्दीवर. कार्डावर उमटवल्यावर पिगमेंट शाईला वाळायला एक रात्र द्या, मगच पाकिटात. काम झालं की ठसा ओल्या फडक्याने पुसून कागदात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या डबीत नको. ही खोडरबरं प्लॅस्टिकला चिकटून बसतात आणि कोरलेली बाजू खराब होते.

दाभण नसेल तर जाड सुईचं मागचं टोक बाटलीच्या बुचात खुपसा, तेही चालतं. आजीचं कार्ड झालं की फोटो नक्की टाका.